घरोघरीच्या उत्पन्नाचा शोध : प्रा. धनंजयराव गाडगीळ

थोर पुरुषांची चरित्रे वाचताना रणांगणावरील पराक्रम, कारावासातील हालअपेष्टा किंवा व्यासपीठावरील ओजस्वी वक्तृत्व आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. परंतु काही थोरांची देशसेवा याहून अगदी निराळ्या प्रकारची असते. घरात माणसे किती, मिळवते हात किती, जमीन किती, डोक्यावर कर्ज किती, असे साधे प्रश्न ते दारोदार विचारवितात. आलेली उत्तरे कागदावर नीट मांडतात आणि देशाला त्याचे खरे रूप दाखवून देतात. या कामात टाळ्यांचा कडकडाट नसतो. तथापि त्यावाचून कोणत्याही राज्यकर्त्यास आपली प्रजा सुखात आहे की दुःखात, हे कळणे शक्य नाही. महाराष्ट्रात ही विद्या ज्यांनी रुजविली, त्या प्राध्यापक धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचा परिचय करून देण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

विद्यार्थिमित्रहो, आधी एक प्रश्न स्वतःलाच विचारून पाहा. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील सामान्य कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न किती असेल? प्रश्न दिसतो सोपा, पण उत्तर देऊ लागताच अडचणी एकामागून एक उभ्या राहतात. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो वर्षातून एकदा. आणि त्यातून बियाणे, खत व मजुरी वजा केल्यावर काय उरले, याचा हिशेब फारच थोड्या घरी लिहिलेला असतो. उटनूरच्या बाजूचे गोंड किंवा कोलाम कुटुंब मोहाची फुले वेचते, रानातून सरपण आणते, घरची ज्वारी घरीच खाते. त्याची किंमत रुपयांत कशी करावयाची? शेतमजुराला आज काम असते तर उद्या नसते. दुकानदार तर नफ्याचा आकडा कोणासही सांगावयास राजी नसतो. शिक्षक किंवा कारकून मात्र आपले वेतन चटकन सांगू शकतो. या सर्वांना एका मापाने मोजून जिल्ह्याचे उत्पन्न ठरविणे, हे काम नदीचे पाणी ओंजळीने मोजण्याइतके कठीण आहे. आणि तरीही ते केल्यावाचून गत्यंतर नाही; कारण शाळा, दवाखाने, कालवे व कर्जे यांसाठी सरकारी तिजोरीतून पैसा वाटताना कोणता भाग गरीब व कोणता सधन, हे आधी ठरवावे लागते. आकडा चुकला की मदत चुकीच्या दारी जाते.

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी झाला. त्यांचे शालेय शिक्षण नागपूर येथे झाले. आदिलाबादहून उत्तरेस निघालेला प्रवासी पैनगंगा ओलांडून विदर्भात शिरतो आणि पुढे ज्या मोठ्या शहरी पोहोचतो, तेच हे नागपूर. तेथील शिक्षण आटोपून ते उच्च शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र हा त्यांचा विषय. भारतातील उद्योगधंद्यांची अलीकडच्या काळात कशी स्थित्यंतरे झाली, यावर त्यांनी तेथे जो प्रबंध लिहिला तो १९२४ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. लेखकाचे वय तेव्हा अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ अभ्यासला. खेड्यातील कारागिराचा धंदा कसा बसला, गिरण्या कोठे निघाल्या, शेतीवरील भार का वाढला, या गोष्टींचे विवेचन त्यांनी भावनेच्या भरात न जाता पुराव्यानिशी केले. पुराव्याची ही आवड हाच त्यांच्या सर्व आयुष्याचा स्थायीभाव ठरला.

स्वदेशी परतल्यावर १९२५ पासून पाच वर्षे ते सुरत येथील महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यानंतर १९३० साली त्यांच्या आयुष्यातील मुख्य कार्यास आरंभ झाला. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी दिलेल्या देणगीतून, नामदार गोखले यांनी स्थापिलेल्या भारत सेवक समाजाच्या आश्रयाने, पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालकपद धनंजयरावांकडे आले आणि ते त्यांनी १९६६ पर्यंत, म्हणजे तब्बल छत्तीस वर्षे सांभाळले. एका संस्थेच्या उभारणीत मनुष्याने आपल्या उमेदीची सारी वर्षे ओतावीत, ही गोष्ट त्या काळीही विरळाच होती.

या कार्याचे मोल कळावे म्हणून थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. भारतीयांचे उत्पन्न मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न दादाभाई नौरोजी यांनी केला. राजकारणात येण्यापूर्वी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते, हे येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी सरकारच्याच अहवालांतून आकडे काढून हिशेब मांडला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये पडते असे दाखविले. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रास जेवढा खर्च येतो तेवढेही हे उत्पन्न नाही, हेही त्यांनी सप्रमाण सिद्ध केले. हा हिशेब करीत असता सरकारी आकड्यांतील एक ढोबळ चूक त्यांच्या गणिती नजरेतून सुटली नाही. प्रत्येक जिल्ह्याचे दर एकरी पीक घ्यावयाचे, सर्व जिल्ह्यांचे आकडे मिळवावयाचे आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागावयाचे, अशी अधिकाऱ्यांची रीत होती. समजा, एका जिल्ह्यात नऊ लक्ष एकर जमीन असून एकरी ६०० शेर धान्य पिकते आणि दुसऱ्यात एकच लक्ष एकर असून एकरी १,००० शेर पिकते. सरकारी रीतीने सरासरी ८०० शेर येईल. पण खरी सरासरी ६४० शेरच आहे. लहानशा सुपीक जिल्ह्याने मोठ्या कोरड्या जिल्ह्याचे दारिद्र्य झाकून टाकले! सरासरी काढताना कोणास किती वजन द्यावयाचे, हा वरवर नीरस वाटणारा प्रश्न लक्षावधी लोकांच्या भाकरीशी कसा निगडित असतो, हे दादाभाईंनी देशाला शिकविले.

दादाभाईंपाशी मात्र सरकारी कागदांखेरीज दुसरे साधन नव्हते. घरात प्रत्यक्ष काय येते आणि काय खर्च होते हे त्या कागदांत नव्हते. ही उणीव भरून काढण्याचे काम धनंजयराव व त्यांचे सहकारी यांनी हाती घेतले. १९३३ साली पुण्यातील फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध झाली. सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात शेतीचा धंदा शेतकऱ्यास परवडतो की नाही, याची पाहणी होऊन तिचा वृत्तांत १९४० साली बाहेर आला. पुणे शहराची मोठी सामाजिक व आर्थिक पाहणी १९३६-३७ च्या सुमारास झाली. घरात माणसे किती, कोण कोणता व्यवसाय करतो, भाडे किती, शिक्षण किती, उत्पन्न किती, अशी माहिती निवडक कुटुंबांकडून घेण्यात आली. तिचा पहिला भाग १९४५ साली व दुसरा १९५२ साली प्रकाशित झाला. पुढे संस्थेच्या अभ्यासकांनी त्याच शहराची फेरपाहणी केली आणि मधल्या काळात लोकांची स्थिती कशी बदलली हे तुलनेने दाखविले.

येथे कोणी विचारील की, सर्व घरे न पाहता निवडक घरे पाहून शहराचे खरे चित्र कसे कळावे? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. शितावरून भाताची परीक्षा होते. पण ते शीत वरच्या थरातील आहे की तळाचे, हे पाहिले पाहिजे. अन्वेषक केवळ हमरस्त्यावरील पक्क्या घरांत गेला आणि गल्लीच्या टोकाच्या झोपडीपर्यंत पोहोचलाच नाही, तर त्याची शिते वरच्या थरातलीच निघतील. म्हणून घर निवडण्याचा अधिकार अन्वेषकाच्या लहरीवर ठेवावयाचा नाही, तो आधी ठरविलेल्या नियमाच्या स्वाधीन करावयाचा, हे या शास्त्राचे पहिले सूत्र होय. निवडलेले घर दूर असो वा दरिद्री असो, तेथे गेलेच पाहिजे.

घरोघर जाण्याचा दुसरा एक मोठा लाभ असतो. केवळ एकूण बेरीज हाती असली तर तिला लोकसंख्येने भागून सरासरी तेवढी काढता येते. प्रत्येक घराचा आकडा हाती असला म्हणजे मात्र घरे उत्पन्नाच्या क्रमाने ओळीत उभी करता येतात आणि मग जे मधले घर येते त्याच्या दारात जाऊन पाहता येते. त्या मधल्या घराच्या उत्पन्नालाच आपल्या गणिताच्या पुस्तकात मध्यक म्हणतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका वस्तीत अकरा घरे आहेत. त्यांची मासिक प्राप्ती हजार रुपयांत अनुक्रमे ४, ५, ६, ७, ८, ९, १०, १२, १४, २५ आणि १२० आहे. बेरीज होते २२०. म्हणजे सरासरी वीस हजार. परंतु अकरांपैकी नऊ घरांना वीस हजारांचे दर्शनही होत नाही! मधले म्हणजे सहावे घर पाहिले तर तेथे नऊ हजारच येतात. आता शेवटच्या धनिकाची प्राप्ती दुप्पट झाली असे समजा. सरासरी जवळजवळ एकतीस हजारांवर जाईल, आणि वस्ती श्रीमंत झाली असे कागद सांगू लागेल. मधल्या घराची चूल मात्र होती तशीच जळत राहील. म्हणून सामान्य कुटुंबाची स्थिती जाणावयाची असेल तर सरासरीवर विसंबून चालत नाही. मधले घर शोधावे लागते.

धनंजयराव केवळ आकडे मांडून थांबणारे विद्वान नव्हते. सामान्य शेतकऱ्याची प्राप्ती का वाढत नाही हे कळल्यावर ती वाढविण्याचा मार्गही त्यांनी दाखविला. अहमदनगर जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. धनंजयरावांनी या प्रवरा कारखान्याच्या उभारणीत मन घातले आणि त्याचे अध्यक्षपद पत्करले. १९५० साली कारखान्यात गाळप सुरू झाले. केंब्रिजचा पदवीधर प्राध्यापक आणि प्रवराकाठचे ऊस पिकविणारे शेतकरी एकत्र बसून हिशेब पाहत आहेत, हे दृश्य महाराष्ट्राच्या इतिहासात अपूर्व होय. पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी असे कारखाने निघाले, त्यांच्या मागे या पहिल्या यशाचा आधार होता.

स्वातंत्र्यानंतर देशाला आपल्या संपत्तीचा हिशेब हवा होता. १९४९ साली भारत सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस हे तिचे अध्यक्ष, आणि धनंजयराव गाडगीळ व डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे दोघे सदस्य होते. देशातील पुष्कळसे धान्य बाजारात येतच नाही, पिकविणाराच ते खातो. कारागीर व छोटे दुकानदार हिशेबाच्या वह्या ठेवीत नाहीत. अशा देशाचे उत्पन्न मोजावयाचे होते. समितीने ते काम चिकाटीने केले. १९४८-४९ या वर्षी देशाचे उत्पन्न ८,६५० कोटी रुपये, अर्थात माणशी सुमारे २४७ रुपये असल्याचा हिशेब तिच्या १९५४ सालच्या अंतिम वृत्तांताने दिला. याच काळात, १९५० साली, घरोघरची माहिती नियमाने गोळा करणारी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली.

तथापि देशाची सरासरी कळली म्हणून जिल्ह्याची स्थिती कळत नाही. ते काम याहून कठीण असते. रिझर्व्ह बँकेने १९५१ साली ग्रामीण कर्जाची अखिल भारतीय पाहणी करविली. श्री. गोरवाला हे तिच्या समितीचे अध्यक्ष होते आणि धनंजयराव एक सदस्य. ७५ जिल्हे व त्यांतील ६०० खेडी निवडून १,२७,३४३ कुटुंबांची माहिती घेण्यात आली. प्रत्येक खेड्यातील शेतकरी कुटुंबे कसणुकीच्या जमिनीप्रमाणे, मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीने मांडली गेली आणि वरचा अर्धा भाग व खालचा अर्धा भाग असे दोन थर पाडून त्यांचा वेगवेगळा विचार झाला. मधल्या घराच्या अलीकडे कोण आणि पलीकडे कोण, हाच तो विचार. येथे मोजमाप उत्पन्नाचे नव्हते, जमिनीचे होते, एवढाच भेद. निष्कर्ष डोळे उघडणारा होता. शेतकऱ्याने उसनवार घेतलेल्या प्रत्येक शंभर रुपयांत सहकारी संस्थांचे अवघे तीन रुपये होते आणि सावकारांचे सुमारे सत्तर. हा वृत्तांत १९५४ साली प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या शिफारशीतूनच १९५५ साली भारतीय स्टेट बँक जन्मास आली. घरोघर विचारलेल्या प्रश्नांमधून देशाची सर्वांत मोठी बँक उभी राहिली!

आपला भाग तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तेथेही ही विद्या अपरिचित नव्हती. एस. केशव अय्यंगार यांनी निजामाच्या राज्यात १९२९-३० साली खेड्यांची आर्थिक तपासणी केली होती आणि १९४९ ते १९५१ या काळात राज्यातील ग्रामीण स्थितीची पुन्हा चौकशी केली. १९५६ साली आदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात समाविष्ट झाला.

पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद अल्पकाळ भूषविल्यानंतर १९६७ साली धनंजयराव दिल्लीस योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले. आता केवळ मोजण्याचे नव्हे तर मापून देण्याचे काम त्यांच्या हाती आले. त्या वेळेपर्यंत केंद्राकडून राज्यांना योजनेसाठी मिळणारे साहाय्य ठरावीक सूत्राने वाटले जात नसे. त्यामुळे ज्याचे वजन अधिक त्याच्या पदरी अधिक, अशी शंका घेण्यास जागा होती. धनंजयरावांनी १९६९ साली चौथ्या योजनेसाठी जे सूत्र मांडले ते गाडगीळ सूत्र म्हणून प्रसिद्ध आहे. काही राज्यांच्या विशेष गरजांसाठी रक्कम बाजूस काढल्यावर उरलेल्या साहाय्याचा शेकडा ६० भाग लोकसंख्येवर वाटावयाचा. आणि शेकडा १० माणशी उत्पन्न देशाच्या सरासरीहून कमी असलेल्या राज्यांना, १० करवसुलीतील प्रयत्नांवर, १० चालू असलेल्या मोठ्या पाटबंधारे व वीज प्रकल्पांसाठी आणि १० राज्यांच्या खास अडचणींसाठी, अशी ही वाटणी होती. दारिद्र्य हा मदतीचा हक्क आहे, ही गोष्ट त्यामुळे आकड्यांत लिहिली गेली.

मधल्या घराचा मागोवा घेणाऱ्या या माणसाला वाटणीच्या वेळी मात्र राज्याच्या सरासरीवरच भिस्त ठेवावी लागली, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. त्या काळी सर्व राज्यांसाठी विश्वसनीय असा दुसरा आकडाच उपलब्ध नव्हता. कृष्णा-गोदावरीच्या मुखाशी असलेली हिरवीगार भातशेती आणि उटनूरचा डोंगराळ मुलूख ही दोन्ही आंध्र प्रदेश या एकाच नावाखाली एकाच सरासरीत मिसळून जात होती. ही उणीव धनंजयराव ओळखून होते असे त्यांच्या पुढील कामावरून दिसते. १९६९ सालीच जिल्हावार योजना कशा आखाव्यात याची मार्गदर्शक सूत्रे योजना आयोगाने राज्यांकडे पाठविली. त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी क्षेत्रवार काम करावे असे सुचविले. त्या विचारातून, प्रत्येक जिल्ह्यासाठी एका बँकेने अग्रणी म्हणून जबाबदारी घ्यावी, ही योजना १९६९ च्या अखेरीस अमलात आली. देश आणि राज्य यांच्यावरून त्यांची दृष्टी जिल्ह्याकडे वळली होती.

३ मे १९७१ रोजी धनंजयरावांचे देहावसान झाले. त्याच वर्षाच्या आरंभी गोखले संस्थेतील त्यांचे उत्तराधिकारी प्रा. वि. म. दांडेकर व डॉ. नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्याविषयीचा सुप्रसिद्ध अभ्यास प्रकाशित झाला होता. घरोघरच्या खर्चाच्या आकड्यांवरून, पुरेसे अन्न मिळण्याइतकाही खर्च करू न शकणारी माणसे किती, हे त्यांनी त्यात मोजले. गुरूने पेरलेले बीज शिष्यांच्या शेतात असे तरारून आले.

त्यांच्या पश्चात हे शास्त्र पुष्कळ पुढे गेले आहे. त्यातील मुख्य अडचण मात्र जुनीच आहे. धनंजयरावांच्या काळच्या पाहणीत एका जिल्ह्यास सरासरीने आठ खेडी आली होती. विभागणीपूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यात दीड हजारांहून अधिक गावे होती. आठ गावांवरून देशाचे चित्र निघू शकते, कारण अनेक जिल्ह्यांची आठ-आठ गावे एकत्र येतात. परंतु केवळ त्या आठांवरून एका जिल्ह्याचा निवाडा करणे धोक्याचे असते. अमेरिकेत जिल्ह्यासारख्या विभागास काउंटी म्हणतात. अशा तीन हजारांहून अधिक काउंटी तेथे आहेत आणि पुष्कळ काउंटींत पाहणीसाठी निवडलेली घरे फारच थोडी असतात. यावर रॉबर्ट फे व रॉजर हेरियट या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक उपाय प्रसिद्ध केला. एखादा विद्यार्थी परीक्षेच्या दिवशी आजारी असल्याने जेमतेम दोनच प्रश्न सोडवू शकला, तर शहाणे गुरुजी काय करतात? त्या दोन उत्तरांकडे पाहतात, पण त्याच्या वर्षभराच्या वह्या आणि त्याच्यासारख्या इतर मुलांची प्रगतीही पाहतात. उत्तरपत्रिका जितकी अपुरी, तितके वह्यांना अधिक वजन. ती जितकी पूर्ण, तितका वह्यांचा आधार कमी. तद्वतच थोड्या घरांच्या पाहणीतून आलेला आकडा एका बाजूस ठेवतात, आणि करभरण्याची कागदपत्रे, जनगणना व साहाय्य घेणाऱ्यांची संख्या यांवरून काढलेला अंदाज दुसऱ्या बाजूस ठेवतात. दोहोंना त्यांच्या विश्वसनीयतेप्रमाणे वजन देऊन मधल्या कुटुंबाचे उत्पन्न ठरवितात. त्या देशात असे अंदाज प्रत्येक काउंटीसाठी दरवर्षी प्रसिद्ध होतात. त्याच कार्यक्रमातील गरीब मुलांच्या संख्येचे अंदाज पाहून शाळांना मदत वाटली जाते.

आपल्या देशात हा मार्ग अधिक बिकट आहे. प्राप्तिकराची कागदपत्रे थोड्याच कुटुंबांची असतात; आणि राष्ट्रीय नमुना पाहणीने उत्पन्न विचारण्याचे प्रयोग पूर्वी जेव्हा जेव्हा केले तेव्हा लोकांनी सांगितलेले उत्पन्न त्यांच्याच खर्च व शिल्लक यांच्या बेरजेहून कमी भरले. कोणी लपविले, कोणाला हिशेबच ठाऊक नव्हता. म्हणून दीर्घकाळ उत्पन्नाऐवजी खर्च विचारण्याची रीत पडली. २०२५ पासून रोजगाराच्या राष्ट्रीय पाहणीत घरांची निवड करताना जिल्हा हाच मूळ घटक धरण्यात येऊ लागला, आणि कुटुंबांच्या उत्पन्नाची देशव्यापी पाहणी २०२६ साली सुरू करण्याचा निर्णयही केंद्र सरकारने २०२५ मध्ये जाहीर केला.

या सर्वांचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. तेलंगण राज्य २०१४ साली स्थापन झाले आणि ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. बेल्लमपल्ली व मंदमर्री येथील कोळशाच्या खाणी मंचेरियालकडे गेल्या. उटनूर व इंद्रवेल्ली आदिलाबादकडे राहिले. त्या दिवशी कोणाच्याही घरात एक रुपया अधिक आला नाही की एक रुपया कमी झाला नाही. तरीही सरहद्दीची रेघ बदलताच जिल्ह्याच्या सरासरीचा अर्थ पालटला. खाणींच्या उत्पन्नाची जी सावली जुन्या सरासरीवर पडत होती ती दूर झाली. सरासरी ही रेघेप्रमाणे बदलते. घर मात्र आपल्या जागीच असते. शेवटी घराकडेच गेले पाहिजे, हा धनंजयरावांच्या जीवनाचा अर्थ येथे आपल्या दारातच प्रत्ययास येतो.

विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्यापैकी कोणी गणनेच्या कामावर जाईल, कोणी ग्रामपंचायतीत बसेल, कोणी बँकेत कर्जाचे अर्ज तपासील. त्या वेळी पावसात चिखल तुडवून वस्तीच्या टोकाशी असलेल्या शेवटच्या घरापर्यंत जाण्याचा कंटाळा येईल आणि इथल्या इथेच अंदाजाने रकाना भरून टाकावा असा मोह होईल. पण तो एक खोटा रकाना म्हणजे कोणाच्या तरी घराला मोजण्यातून वगळणे होय. आणि जे मोजले जात नाही त्याच्या वाट्याला मदतही येत नाही. दुसऱ्या बाजूने, आपल्या दारी पाहणीदार आला तर त्याला खरे सांगावे, ही शिकवण घरातील वडीलधाऱ्यांनाही नम्रपणे सांगण्याजोगी आहे. धनंजयरावांनी आयुष्यभर आकड्यांशी जो प्रामाणिकपणा राखला, तो आपण निदान आपल्या घरापुरता राखला तरी त्यांचे स्मरण सार्थ झाले असे म्हणता येईल.